पुरेसे नसलेले पैसे

(सरांच्या स्मरणार्थ दरवर्षी होणाऱ्या व्याख्यानमालेतील अखेरच्या पुष्पाचे शब्दांकन)



१९७४ च्या मे महिन्यात सरांनी मला चाळीस रुपये दिले होते. माझी अकरावी मॅट्रिकची परीक्षा झाली होती, निकाल जूनमध्ये लागायचा होता आणि मी दिवसभर आंब्याच्या झाडाखाली लोळत होतो. सर भूगोल शिकवायचे हे इथल्या निम्म्या लोकांना माहीत आहे. उरलेल्या निम्म्यांनी त्यांच्या हातची छडी खाल्लेली आहे, त्यामुळे त्यांनाही माहीत आहे. त्यांनी मला घरी बोलावलं. टेबलावर चार दहाच्या नोटा आणि एक दोनशे पानी वही होती. म्हणाले, "महाबळेश्वराहून निघ आणि कृष्णेच्या काठाकाठानं खाली जा. पैसे संपतील तिथून परत ये." परत यायला पैसे? "ते तुझं तू बघ."

आणखी एक काम होतं. "घाट कोणी बांधला ते पाटीवर लिहिलेलं असतं. तो आज कोण झाडतो, ते विचारून ये." वहीत पुढून रोजनिशी लिहायची, मागून हिशेब.

वाई, माहुली, कऱ्हाड, सांगली, नरसोबाची वाडी असे बावीस दिवस मी हिंडलो. कधी एसटीनं, बरंचसं पायी, एकदा उसाच्या बैलगाडीत. वाडीला दत्ताच्या कृपेनं दोन वेळचं जेवण फुकट मिळालं म्हणून तिथं जरा जास्तच भक्ती केली. वाडीच्या पुढे एका गावात दुकानांच्या पाट्या कानडी झाल्या. मी वर्गात पहिल्या पाचांतला मुलगा, आणि मला समोरची पाटी वाचता येईना. पत्ता विचारायला तोंड उघडलं तर समोरचा हसला. निरक्षर माणसाला तालुक्याच्या कचेरीत काय वाटत असेल, हे मला त्या दिवशी कळलं, आणि ते पुस्तकातून कळलेलं नव्हतं.

परत आल्यावर सरांनी वही ठेवून घेतली. चार दिवसांनी परत दिली तेव्हा शेवटच्या पानावर लाल शाईत एकच ओळ होती : "सव्वा रुपया कुठे गेला?" सांगलीत सिनेमा पाहिला होता, तो मी हिशेबात लिहिला नव्हता. माझं वर्णन कसं झालंय, नदीवर मी किती छान लिहिलंय, याबद्दल अवाक्षर नाही.

आज मी ज्या विषयावर बोलणार आहे त्याला इंग्रजी धर्तीवर 'ट्रॅव्हल फेलोशिप' म्हणतात. शाळा नुकतीच संपलेल्या मुलामुलींना परदेशात हिंडून येण्यासाठी दिलेली वृत्ती. पदवीसाठी परदेशी पाठवणं वेगळं. ती परंपरा आपल्याकडे मोठी आहे. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये तशी देणगी उभी केली, सयाजीराव महाराजांनी १९१३ मध्ये आंबेडकरांना कोलंबियाला पाठवलं. तिथं जायचं ते विद्यापीठात, आणि यायचं ते पदवी घेऊन. मी बोलतोय ते सतरा-अठरा वर्षांच्या पोराबद्दल, ज्याला पदवी नाही, ओळख नाही आणि पैसेही पुरेसे नाहीत.

सरांनी 'झेलिजा' हे नाव कधी ऐकलं असेल असं मला वाटत नाही. मी स्वतःही ते चाळिशी उलटल्यावर वाचलं, आणि वाचताना ती दोनशे पानी वही डोळ्यांपुढे आली.

झेलिजा हे मोरोक्कोतल्या एका खाणीचं नाव आहे. मोरोक्कोच्या पूर्व टोकाला, अल्जीरियाच्या सरहद्दीजवळ, उज्दा शहराच्या दक्षिणेला ती शिसं आणि जस्ताची खाण होती. तिचा मालक झां वाल्तेर हा फ्रेंच वास्तुविशारद. जन्म १८८३ चा, मोंबेलियार गावचा. पॅरिसजवळ क्लिशी इथलं बोजों रुग्णालय त्यानं १९३० च्या दशकात बांधलं. एकावर एक मजले चढवून उभ्या केलेल्या रुग्णालयाचा तो नमुना तेव्हा नवलाचा होता. पण माणसाच्या चरित्रात कधी कधी आधीची एक गोष्ट पुढच्या सगळ्या गोष्टींपेक्षा मोठी असते. १८९९ मध्ये, सोळा वर्षांचा असताना, हा मुलगा सायकलवर बसून इस्तंबूलला गेला होता. त्या वेळच्या सायकली आणि त्या वेळचे बाल्कन प्रदेशातले रस्ते डोळ्यांपुढे आणा.

पुढे खाणीतून पैसा आला तेव्हा त्यानं १९३९ मध्ये फ्रेंच शाळकरी मुलांसाठी प्रवासवृत्ती सुरू केली आणि तिला खाणीचंच नाव दिलं. अटी थोडक्या होत्या. मुलानं एकट्यानं जायचं. किमान महिनाभर राहायचं. जाण्याआधी अभ्यासाचा एक विषय स्वतः निवडायचा. परत आल्यावर तीन गोष्टी द्यायच्या : विषयावरचा अहवाल, प्रवासाची रोजनिशी आणि हिशेबाची वही. आणि पैसे? पैसे मुद्दाम कमी द्यायचे. महिना निघणार नाही इतके. मुलानं वाटेत कुठेतरी काम करावं, कुणाच्या तरी दारात उभं राहावं, हा त्यामागचा हिशेब होता. ज्याचा अहवाल चांगला, त्याला दुसऱ्या प्रवासाची वृत्ती मिळू शकत असे.

हिशेबाची वही वाचून मी मोठ्यानं हसलो होतो. सव्वा रुपया!

या वृत्तीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मोरोक्को तेव्हा फ्रान्सच्या संरक्षणाखालचं, म्हणजे सरळ शब्दांत ताब्यातलं राज्य होतं. १९५६ मध्ये ते स्वतंत्र झालं. म्हणजे फ्रेंच मुलांनी जग पाहिलं ते मोरोक्कोच्या जमिनीखालून निघालेल्या शिशावर. त्या खाणीत उतरणाऱ्या मजुराच्या पोरानं कुठलं इस्तंबूल पाहिलं, हा प्रश्न कुठल्याही गौरवग्रंथात येत नाही. सुरुवातीला ही वृत्ती फक्त मुलग्यांसाठीही होती. झां वाल्तेर १९५७ मध्ये गेला. मोटारीनं धडक दिली. सायकलवर बसून अर्धा युरोप ओलांडलेला माणूस रस्त्यावरच गेला.

या झेलिजाचा एक विद्यार्थी तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. 'फ्रीडम ॲट मिडनाइट' हे पुस्तक आपल्याकडे कित्येक घरांत आहे, त्याच्या दोन लेखकांपैकी दोमिनिक लापिएर हा एक. पुढे त्यानं कलकत्त्याच्या वस्तीवर 'सिटी ऑफ जॉय' लिहिलं, आणि २००८ मध्ये भारत सरकारनं त्याला पद्मभूषण दिलं. हा लापिएर अठराव्या वर्षी ॲझ्टेक संस्कृतीचा अभ्यास असा भारदस्त विषय घेऊन मेक्सिकोला निघाला. खिशात तीस डॉलर होते. अमेरिकेत येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांना हात करत फिरला, खिडक्यांच्या काचा पुसल्या, भाषणं दिली. शिकागोच्या वाटेवर एका ट्रकवाल्यानं त्याला गाडीत घेतलं आणि त्याची बॅगच पळवली. पोलिसांच्या आधी या पोरानं त्या ट्रकवाल्याला शोधून काढलं, आणि ती हकीकत 'शिकागो ट्रिब्यून'नं शंभर डॉलर देऊन त्याच्याकडून घेतली. तिसाचे शंभर झाले! परतीच्या बोटीवरही त्यानं साफसफाईचं काम केलं. 'एका डॉलरला हजार किलोमीटर' अशा अर्थाच्या नावाचं त्याचं पहिलं पुस्तक या प्रवासातून निघालं.

त्याला तीसऐवजी तीन हजार डॉलर दिले असते, तर तो हॉटेलात उतरला असता, ॲझ्टेकांचे पिरॅमिड पाहून विमानानं घरी आला असता, आणि बॅग शाबूत राहिली असती. लोकांकडून गोष्ट काढून घ्यायची आणि ती विकून जेवायचं, ही त्याची पुढच्या आयुष्याची विद्या तीस डॉलरनं शिकवली.

फ्रान्सची ही कल्पना जर्मनीत गेली ती सालेम या शाळेमार्फत. सालेम १९२० मध्ये कुर्ट हाननं काढली. मारिना एवाल्ड ही तिथली सुरुवातीपासूनची शिक्षिका. १९५६ मध्ये जर्मन मुलांसाठी अशीच प्रवासवृत्ती सुरू झाली, त्यात तिचा पुढाकार होता. 'झिस' या नावानं ती अजून चालते. सोळा ते वीस वयाची मुलं, किमान चार आठवडे, एकट्यानं, परदेशात. रक्कम कित्येक वर्षं सहाशे युरो होती. त्यांनी नियम आणखी आवळले : घरचा एक पैसाही न्यायचा नाही, आणि विमान वर्ज्य. श्रीमंताची मुलगी आणि बस ड्रायव्हरचा मुलगा, दोघांच्या खिशात सारखेच युरो. मला या नियमाचं फार कौतुक वाटतं. शिष्यवृत्त्या गरिबांना श्रीमंतांच्या पंक्तीला बसवतात, असं आपण म्हणतो. ही श्रीमंताला चार आठवडे गरिबाच्या पंक्तीला बसवते.

कुर्ट हान हे नाव आपल्याला परकं नाही. नाझींनी १९३३ मध्ये त्याला अटक केली, सुटल्यावर तो ब्रिटनला गेला, आणि पुढे त्याच्या विचारातून १९६२ मध्ये वेल्समध्ये अटलांटिक कॉलेज उभं राहिलं. त्याच साखळीतलं महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज १९९७ पासून आपल्या मुळशी तालुक्यात, खुबवलीच्या डोंगरावर आहे. पौडला जाणारी माणसं ते खालून बघतात. तिथं जगभरातली मुलं दोन वर्षं एकत्र शिकतात. चांगलंच आहे ते. पण तिथं वसतिगृह आहे, शिक्षक आहेत, जेवणाची घंटा आहे. रोटरीच्या किंवा 'एएफएस'च्या विद्यार्थी-अदलाबदलीत स्टेशनवर घ्यायला एक कुटुंब आलेलं असतं. झेलिजाच्या मुलाला घ्यायला स्टेशनवर कुणीही येत नाही.

एकट्यानंच का? माझ्या वर्गातला एक मित्र माझ्याबरोबर यायला निघाला होता. सरांनी त्याला वेगळे चाळीस रुपये दिले आणि कोयनेकाठी धाडलं. दोघं गेले की दोघं आपसात बोलतात. रस्ता चुकला तर एकमेकांना विचारतात. एकटा माणूस तिसऱ्याला विचारतो, आणि तो तिसरा माणूस भेटावा म्हणूनच तर पाठवायचं.

युरोपीय संघानं २०१८ पासून अठरा वर्षांच्या मुलामुलींना रेल्वेचा पास फुकट द्यायला सुरुवात केली. पहिल्या फेरीतच सुमारे पंधरा हजार पास वाटले. युरोपबद्दलच्या काही प्रश्नांची उत्तरं द्यायची, नाव लागलं तर महिनाभरापर्यंत गाडीनं हिंडायचं. मित्रांबरोबर गेलं तरी चालतं. मला ही योजना वाईट वाटत नाही; तरुण पोरांनी गाडीत बसून खिडकीबाहेर बघावं याला कोण नको म्हणेल? पण परत आल्यावर हिशेब कोणी मागत नाही. वही कोणी वाचत नाही. अशा प्रवासातले फोटो कुठे जातात ते तुमच्या आमच्या घरात आपण रोज बघतो.

आता आपल्याकडे येऊ. जून-जुलैत आपल्या तालुक्यात किती गुणगौरव समारंभ होतात ते मोजायला नको. मी स्वतः त्यातल्या बऱ्याच समारंभांना प्रमुख पाहुणा म्हणून गेलो आहे, त्यामुळे हा आरोप माझ्यावरही आहे. शाल, श्रीफळ, पाकीट, फोटो. पाकिटात दोन हजार असतात आणि ते कोचिंग क्लासच्या फीमध्ये जातात. मिळालेल्या गुणांचं ते बक्षीस आहे. पुढं काय विचारणार आहेस, असं त्या मुलाला व्यासपीठावर कोणी विचारत नाही. बारावी, सीईटी, जेईई, नीट या चारही दारांतून जाताना मुलाला एकही प्रश्न स्वतः तयार करावा लागत नाही. बहुतेक ठिकाणी चार पर्यायांतून एक निवडायचा असतो.

हे आपल्या परंपरेत नव्हतंच, असं मात्र कोणी म्हणू नये. धर्मानंद कोसंबी १८९९ च्या सुमारास गोव्यातून बाहेर पडले. बुद्ध म्हणजे कोण, एवढाच प्रश्न घेऊन. पुण्याला आले, ग्वाल्हेरला गेले, काशीला अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. बौद्ध धर्म नेपाळात असेल म्हणून काठमांडूला गेले आणि निराश होऊन उतरले. मग बोधगया, सिलोन, ब्रह्मदेश. ते पोरवयाचे नव्हते, घरी बायको-मूल होतं, आणि त्याबद्दल त्यांना दोष देणारे आजही आहेत. पण नंतर सयाजीरावांनी त्यांना जी वृत्ती दिली तिची अट ऐका : महिना पन्नास रुपये, महाराष्ट्रात कुठेही राहा, वर्षाला एक पुस्तक लिहून द्या. थोडे पैसे, मोकळीक, आणि शेवटी हातात काहीतरी लिहिलेलं पाहिजे. बडोद्याच्या राजाला हे फ्रेंच खाणमालकाच्या आधी तीस वर्षं कळलं होतं.

मागच्या रांगेतल्या आयांच्या मनातला प्रश्न मला इथून दिसतोय. मुलीला एकटीला पाठवायचं? आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून अमेरिकेच्या बोटीत बसल्या, तेव्हा त्यांना अठरा वर्षं पूर्ण होऊन एक आठवडा झाला होता. बरोबर नवरा नव्हता. मिशनरी बायकांची सोबत होती. निघण्याआधी श्रीरामपूरच्या सभेत उभं राहून त्यांनी मी का जाते ते लोकांना सांगितलं होतं. तुमची काळजी खोटी नाही, मीही एका मुलीचा बाप आहे. रोज रात्री एक फोन, मुक्कामाचा पत्ता, तिथल्या एका ओळखीच्या माणसाचा नंबर, एवढं ठरवून द्यावंच. पण मुलगे जातील आणि मुली त्यांच्या वह्या वाचतील, अशी वृत्ती काढायची असेल तर त्या समितीत मला घेऊ नका.

खरी अडचण वेगळी आहे, आणि ती पासपोर्टची आहे. जर्मन मुलगी 'झिस'चे युरो घेऊन पोर्तुगालला जाते तेव्हा तिला सरहद्दीवर कोणी थांबवत नाही. आपल्या मुलाला तोच प्रवास करायचा तर शेंगेन व्हिसा हवा. त्यासाठी राहण्याच्या जागेचा पुरावा, परतीचं तिकीट, बापाच्या बँकेचा उतारा, तीस हजार युरोंचा विमा. व्हिसाची फीच २०२४ पासून नव्वद युरो आहे. खिशात पैसे नाहीत आणि कुठे राहायचं ते ठरलेलं नाही, हे झेलिजाच्या पोराचं भांडवल असतं. व्हिसाच्या खिडकीवर तोच आपल्या पोराचा गुन्हा ठरतो. जगात मोकळं हिंडणं हा गुणाइतकाच पासपोर्टच्या रंगाचा प्रश्न आहे, हे या विषयावर बोलणारे युरोपीय सहसा विसरतात.

मग आपण काय करावं? मी सुचवतो ते नेपाळ. परदेशच आहे तो, त्याचं चलन वेगळं, लिपी ओळखीची आणि भाषा अर्धी कळणारी. व्हिसा लागत नाही. आपले शंभर रुपये म्हणजे तिथले एकशे साठ, हा दर १९९३ पासून तसाच आहे. आणि एक नियम तर सर हयात असते तर त्यांनी फळ्यावर लिहिला असता : पंधरा ते अठरा वयाच्या भारतीय मुलांना नेपाळप्रवासासाठी शाळेच्या मुख्याध्यापकांनी दिलेलं ओळखपत्र चालतं. म्हणजे ज्या गोष्टीसाठी बाकीच्या जगात दूतावास लागतो, ती आपल्या हेडमास्तरांच्या सहीनं होते! पुण्याहून गोरखपूरला थेट गाडी आहे, तिथून बसनं सोनौली, आणि मग पायी चालत देश बदलता येतो.

विषय काय घेणार? 'नेपाळची संस्कृती' असला विषय आणणाऱ्याचा अर्ज मी फाडून टाकीन. विषय हाताला लागणारा पाहिजे. बिहारमधल्या जयनगरहून नेपाळातल्या जनकपूरला जाणारी रेल्वे २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि तिच्यावर धावणाऱ्या गाड्या पुरवल्या आपल्या कोकण रेल्वेनं. त्या गाडीत रोज कोण चढतं, माहेरी जाणाऱ्या बायका किती, तरकारी विकणारे किती, सरहद्दीवर कुणाची पिशवी उघडली जाते? रत्नागिरीच्या एखाद्या मुलीनं आठ दिवस त्या गाडीतून ये-जा करावी आणि सांगावं. काठमांडू खोऱ्यातल्या जुन्या दगडी पाणवठ्यांना तिथं हिटी म्हणतात. त्यातल्या कुठल्या अजून वाहतात, आणि आटलेल्या कशानं आटल्या? आमच्या कृष्णाकाठच्या पोरानं हे विचारावं. आणि विटा, खानापूर, आटपाडी या आपल्या दुष्काळी पट्ट्यातली गलाईची माणसं, सोनं-चांदी गाळणारी, देशभर पसरली तशी नेपाळातही पोचली. त्यांच्या मुलांशी घरात कोणती भाषा बोलली जाते? गावची जत्रा असली की ते किती तास प्रवास करून येतात? यातलं काही मलाही माहीत नाही, म्हणूनच विषय चांगला आहे.

पैशांचा हिशेब मी मांडून आणला आहे. महिनाभराला पंधरा हजार रुपये. जाण्यायेण्याचं भाडं धरून दिवसाला पाचशे पडतात. ते पुरणार नाहीत. कुणी समितीत उठून "बिचाऱ्याला पंचवीस तरी द्या" म्हणेल, त्याला कृपा करून खाली बसवा. उपाशी राहू नये एवढं द्यायचं, आरामात राहावं एवढं द्यायचं नाही. संकटासाठी वेगळे पाच हजार कार्यवाहांकडे ठेवावेत, फोन आला तरच पाठवायला.

आणि परत आल्यावर ती वही कोणीतरी वाचली पाहिजे. हे सगळ्यात अवघड आहे. पंधरा हजार देणारे आपल्या गावात दहा मिळतील. दोनशे पानं बसून वाचणारा, बेरीज तपासणारा आणि सव्वा रुपया कुठे गेला असं विचारणारा एकसुद्धा मिळाला तर नशीब. सरांनी आयुष्यात अशा किती वह्या वाचल्या ते त्यांच्या घरच्यांनी आज दुपारी मला दाखवलं. माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. माझी वही त्यात नव्हती, ती माझ्याकडे आहे. पण माझ्या कोयनेकाठच्या मित्राची होती.

पुढच्या वर्षापासून या व्याख्यानमालेच्या शेवटच्या दिवशी पाहुण्याचं भाषण ठेवण्याऐवजी त्या वर्षी जाऊन आलेल्या मुलानं किंवा मुलीनं आपली वही इथं उभं राहून वाचावी, अशी माझी कार्यवाहांना विनंती आहे. आज मिळणारं मानधन आणि माझ्याकडचे मिळून पहिले पंधरा हजार मी देतो. वही वाचण्याचं काम मला द्या; वेळ भरपूर आहे आणि लाल शाईचं पेनही आहे. बारावीची परीक्षा देणारी जी मुलं इथं बसली आहेत, त्यांनी आपला प्रश्न एका पानावर लिहून ३१ मार्चपर्यंत वाचनालयात नेऊन द्यावा. पानावर गुण लिहू नयेत.